शेजारी असून अनोळखी

ख्रिस्ती समाज आणि चर्च यांच्याविषयी आजच्या मराठी तरुणाला काय माहीत असते, असा प्रश्न एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात विचारला, तर उत्तरांचा अंदाज बांधणे कठीण नाही. नाताळचा केक, शिस्तीची इंग्रजी शाळा, हिंदी चित्रपटातला गमतीदार अँथनी आणि धर्मांतराचा आरोप, या चार गोष्टींच्या पलीकडे बहुतेकांची मजल जाणार नाही. यांतली पहिली गोष्ट गोड, दुसरी हवीहवीशी, तिसरी हास्यास्पद आणि चौथी भीतिदायक. परंतु चारही गोष्टींत एक साम्य आहे. त्यांपैकी एकीतही शेजारी राहणारा, मराठी बोलणारा, महागाईने आणि मुलांच्या परीक्षांनी गांजलेला माणूस भेटत नाही.

याचे एक कारण संख्येत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. त्यातही मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर, जालना असे काही पट्टे सोडले, तर असंख्य विद्यार्थ्यांचे शिक्षण एकही ख्रिस्ती सहाध्यायी न भेटता पूर्ण होते. जेथे माणूस भेटत नाही तेथे त्याची प्रतिमा भेटते. आणि प्रतिमा कोण घडवितो यावर मत ठरते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधला नायक दारूचा गुत्ता चालवीत होता. तो प्रेक्षकांना प्रिय झाला हे खरे. पण वसईच्या वाडीत पानवेल आणि केळी पिकविणारा ख्रिस्ती शेतकरी किंवा नगर जिल्ह्यातील खेड्यात प्राथमिक शाळा चालविणारा ख्रिस्ती मास्तर पडद्यावर कधी आला? आज पडद्याची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे आणि विनोदाची जागा संशयाने. हा बदल सुधारणेचा म्हणता येणार नाही.

ख्रिस्ती धर्मप्रचाराला महाराष्ट्रात विरोध पूर्वीही होता, आणि तो आजच्याहून प्रखर होता. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वादविवाद प्रसिद्धच आहेत. पण त्या काळच्या विरोधालाही परिचय लागत असे. बायबलवर आक्षेप घ्यायचा तर ते आधी वाचावे लागे, आणि समोरचा उत्तर देणार हे गृहीत धरावे लागे. आजचा तरुण ना वाद घालतो, ना वाचतो. त्याचे मत आयते आलेले असते. वैर परवडले, पण हे अज्ञान परवडत नाही. कारण वैऱ्याचे मन कधी वळविता येते, अज्ञानाला मात्र वळण्याचे कारणच दिसत नाही.

वस्तुतः मराठी भाषेच्या अंगणात हा समाज पाहुणा नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने मराठीच्या प्रेमापोटी रचला. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःखाची कादंबरी १८५७ सालची. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला सुरू झाले. जोतीराव फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढले, पुढे केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा दिला आणि अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात स्वतःला वाहून घेतले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'शिवाय मराठी आत्मचरित्राचा विचारच होऊ शकत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' मुलांच्या कित्येक पिढ्यांनी घोकली. तिचा कवी ख्रिस्ती धर्मोपदेशक होता हे त्यांतल्या किती जणांना सांगितले गेले?

या विस्मरणाची किंमत २०१९ साली दिसली. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड होताच, ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारा, वसईची हिरवी वाडी वाचविण्यासाठी दहशतीपुढे उभा राहिलेला हा लेखक आपला की परका, हा प्रश्न पडूच कसा शकला? त्यांनी संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, ही गोष्ट मराठी साहित्यव्यवहाराला शोभणारी झाली. पण आक्षेप घेणाऱ्यांत तरुण होते, हे विसरता येत नाही.

याचा अर्थ आक्षेपांना आधारच नाही, असे नव्हे. गोव्यात १५६० पासून सुरू झालेल्या इन्क्विझिशनच्या जुलमाचे समर्थन कोणी करू नये. मिशनचे काम परकीय सत्तेच्या सावलीत वाढले हेही खरे. परंतु पोर्तुगीज राजवटीच्या पापाचा जाब आजच्या वसईच्या शिक्षिकेला विचारणे हा न्याय नव्हे. धर्मांतराच्या प्रश्नाचेही तसेच. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे; प्रसार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. सक्ती किंवा फसवणूक झाली असेल तर ती सिद्ध करावी आणि शिक्षा व्हावी. पण एका समाजाच्या प्रत्येक प्रार्थनेकडे कटाच्या नजरेने पाहणे हे कायद्याचे राज्य नव्हे.

तथापि सारा दोष पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना देऊन चर्चला मोकळे होता येणार नाही. शहरांतून चर्चची ओळख प्रवेशासाठी रांगा लागणाऱ्या इंग्रजी शाळेपुरती उरली, याला चर्चही जबाबदार आहे. समतेचा संदेश देणाऱ्या मंडळ्यांत जातीच्या खुणा पुसल्या गेल्या का, हा प्रश्न दलित ख्रिस्ती तरुण विचारीत आहे. १९५० च्या आदेशाने त्याला अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले; शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो दरवाजा उघडला गेला. सरकारने त्याची जात संपली असे मानले आणि चर्चमध्ये ती संपली नाही, अशा दुहेरी कोंडीत तो सापडला आहे. आयर्लंडचा अनुभवही बोलका आहे. तेथे १९६१ मध्ये शेकडा ९५ च्या आसपास असलेले कॅथलिकांचे प्रमाण २०२२ च्या जनगणनेत ६९ वर आले. मुलांवरील अत्याचार संस्थेच्या अब्रूसाठी झाकले गेल्याचे २००९ च्या चौकशी अहवालांनी उघड केल्यावर तरुणांनी पाठ फिरविली असेल, तर नवल ते काय? तरुण पिढी श्रद्धेपेक्षा ढोंगावर अधिक लवकर रुसते.

या सगळ्याची जाणीव टिळकांना शंभर वर्षांपूर्वी झाली होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. ख्रिस्ताला या मातीतल्या अभंगांतून भेटता यावे आणि भिंतीबाहेरच्यांनाही आत पाऊल टाकता यावे, ही त्यांची तळमळ होती. दोनच वर्षांत त्यांचा अंत झाला आणि तो प्रयोग वाढला नाही. ती भिंत आजही दोन्ही बाजूंनी उंच आहे.

ती उतरविण्याचे काम समित्यांचे नाही, शिक्षकांचे आहे. टिळकांची कविता शिकविताना टिळक कोण होते हे सांगावे. 'स्मृतिचित्रे' वाचताना ते घर कोणत्या दुःखातून गेले आणि कसे सांधले गेले, हे मुलांना कळू द्यावे. चर्चनेही नाताळच्या रोषणाईपुरते दार न उघडता आपल्या मराठी वारशासाठी ते वर्षभर उघडे ठेवावे. आणि तरुणांनी आपल्या मताला एकच प्रश्न विचारावा : हे मी पाहिले, वाचले, की केवळ ऐकले? ज्या समाजाने आपल्या भाषेला ओव्या दिल्या, कादंबरी दिली आणि आत्मचरित्र दिले, त्याला निदान एवढा प्रश्न येणे आहे.