इंदूरचा सूर्योदय, मराठी महिना



आज जरा भांडायचं आहे. फोनमधल्या पंचांगवाल्यांशी, आणि थोडं आपल्यातल्या "अहो, अ‍ॅपमध्ये तर असंच दाखवतंय" म्हणणाऱ्यांशीही.

श्राद्धाच्या तिथ्यांची वही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आमच्याकडची आजेसासूबाईंच्या हातची आहे. त्यात चुलत सासऱ्यांची तिथी श्रावण वद्य पंचमी. पुतण्या बंगलोरला असतो, त्याने हौसेने सगळी वही एका अ‍ॅपवर चढवली. गाव इंदूर, महिना श्रावण, पक्ष कृष्ण, तिथी पंचमी. अक्षर न् अक्षर वहीबरहुकूम. आणि २०२३ साली त्याला आठवण आली ती जुलैच्या सुरुवातीला! आपली तिथी होती सप्टेंबरात. गुरुजींना फोन केला म्हणून निभावलं.

कारण आपल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ होतं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच, वद्य पक्षात ते एका नावाने पुढे. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, शेजारच्या शर्माजींची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला, आणि दोघांचा उपास एकाच दिवशी. आपला पितृपक्ष भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. अ‍ॅपने गाव इंदूर बघितलं आणि आपला श्रावण वद्य त्यांचा श्रावण कृष्ण समजून टाकला, म्हणजे आपला आषाढ वद्य. एरवी फरक महिन्याचा पडतो, त्या वर्षी मधे अधिक श्रावण होता म्हणून दोन महिन्यांचा पडला.

पुतण्याचा मित्र म्हणाला, "भिया, इंदौर में रहते हो तो यहीं का पंचांग चलेगा ना!" का चालेल? होळकरांबरोबर आलो, पिढ्यान्‌पिढ्या इथे काढल्या, सकाळी पोहे-जलेबी खातो, सणवार शेजाऱ्यांबरोबर करतो. पण वद्य पक्षाचं नाव घरचं राहिलं आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. देवी अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या. ती तिथी मराठीत श्रावण वद्य चतुर्दशी, हिंदीत भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. पुण्यतिथी एकच, पालखी एकच. या शहराला दोन्ही नावं झेपतात. झेपत नाहीत ती फक्त फोनला.

"मग तारखेनेच करा" असंही कुणी सांगतं. वाढदिवस करा हो. श्राद्ध तिथीचंच असतं.

आता कुणी म्हणेल, कॉम्प्युटरला एवढं बारीक कसं कळणार? कळतं की! कॉम्प्युटरच्या मूळ व्यवस्थेत मराठीची ओळख 'मराठी, भारत' एवढीच असते. राज्य त्यात येतच नाही. तिथे मराठीला जानेवारी आणि हिंदीला जनवरी वेगळी ठेवलेली आहे, मराठीला देवनागरी आकडेसुद्धा दिलेत. सरकारचं राष्ट्रीय शक कॅलेंडरही २२ मार्च १९५७ पासून आहे, पण ते सौर, त्यात तिथीच नाही, त्यामुळे आपल्या वहीला ते निरुपयोगी. आणि २०२५ साली अ‍ॅपलने आयफोनमध्ये विक्रम, गुजराती, मराठी अशी कॅलेंडरं निरनिराळी दिली. म्हणजे अडचण तंत्राची नाही. राज्यावरून माणसाचा महिना ठरवायचा हा या अ‍ॅपवाल्यांचा स्वतःचा आळस आहे.

मी त्या अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, राज्य महाराष्ट्र निवडा. निवडलं. महिना बरोबर झाला, पण सूर्योदय मुंबईचा दिसायला लागला! नुसत्या रेखांशामुळेच मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा सुमारे बारा मिनिटं उशिरा उगवतो, आणि पंचांगात दिवसाची तिथी धरतात ती सूर्योदयावर. काठावरची तिथी असली की दिवसच बदलू शकतो. म्हणजे महिना हवा तर सूर्य मुंबईचा घ्या, सूर्य इंदूरचा हवा तर महिना सोडा. हा काय न्याय झाला? सूर्योदय गावाचा असतो, महिना घराचा. दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत विचारायला यांचं काय जातं? "तुमचा महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला?" एवढा एकच प्रश्न. बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, काशीच्या मराठी घरांनाही तोच पुरेल.

तोवर आपण काय करायचं, तर वहीत प्रत्येक तिथीपुढे इंग्रजी तारीख आणि साल लिहून ठेवायचं, आणि शेजारी 'अमान्त' हा शब्द. तारीख आणि साल असलं की कुठलंही पंचांग उघडून तिथी ताडून बघता येते. ज्यांना तारखा आठवतात अशी माणसं घरात अजून आहेत तोवर हे करून घ्या. आमच्या वहीत अकरा नावं आहेत, त्यातल्या चौघांची सालं आता फक्त सासूबाईंनाच माहीत आहेत. येत्या रविवारी मी त्यांच्यासमोर बसणार आहे.