चाळिशी, चष्मा आणि लेन्स

मराठी भाषेनें एका वस्तूस वयाचेंच नांव देऊन ठेविलें आहे. चाळिशी म्हणजे वयाचें चाळिसावें वर्ष, आणि चाळिशी म्हणजे तें वर्ष उलटल्यावर नाकावर येणारीं भिंगेंही. 'चष्मा' हा शब्द फारसींतून आला, 'उपनेत्र' हा संस्कृतांतला. पण अनुभव सांठविला तो ह्या घरगुती शब्दानें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान् प. कृ. गोडे ह्यांनीं १९४७ सालीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर निबंध लिहिला. सोळाव्या शतकांत विजयनगरचे व्यासतीर्थ भिंगांच्या साहाय्यानें पोथी वाचीत, ह्या संस्कृत चरित्रग्रंथांतील उल्लेखाचा त्यांत परामर्श आहे. तात्पर्य, वाचणाऱ्यास उतारवयांत भिंगाचा आधार लागणें ही आजची गोष्ट नव्हे. आज नवा आहे तो एवढाच प्रश्न, कीं हा आधार नाकावर ठेवावा कीं बुबुळावर?

ज्या गांवाच्या नांवांतच अंजन आहे त्या आमच्या अंजनगांव-सुर्जींत हा प्रश्न अलीकडे एका परिचित कुटुंबांत निघाला. घरांतील सूनबाई सेहेचाळीस वर्षांच्या, शाळेंत शिक्षिका. दूरचें कमी दिसण्याचा दोष लहानपणापासूनचा; नंबर उणे अडीच. उपवर झाल्या तेव्हां 'चष्म्याची मुलगी' म्हणून स्थळें परत जातील, ह्या भयानें वडील मंडळींनीं लेन्स घ्यावयास लाविली, आणि ती संवय चोवीस वर्षें टिकली. सायंकाळीं सासऱ्यांस पोथी वाचून दाखविण्याचा त्यांचा परिपाठ. वर्षभरापासून पोथींतलीं अक्षरें एकमेकांत मिसळूं लागलीं. शेवटीं त्या म्हणाल्या, "मामंजी, वाचन आतां धाकट्या जाऊबाईंकडे द्यावें." सासरे म्हणाले, "सूनबाई, वाचन सोडूं नकोस. चष्मा लावून पाहा." त्यावर सूनबाईंचें उत्तर : "लोक म्हणतील, ही एकाएकीं म्हातारी झाली!"

येथें थोडें शास्त्र समजून घ्यावयास हवें. डोळ्याच्या आंत जें नैसर्गिक भिंग असतें, तें तरुणपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना त्याभोंवतालचा स्नायु आकुंचन पावतो आणि भिंग फुगतें. वयाबरोबर तें कठीण होत जातें व चाळिशीनंतर पुरेसें फुगत नाहीं. बुबुळावर ठेविलेली लेन्स ही आंतली शक्ति परत आणूं शकत नाहीं. उलट एक चमत्कार पाहा. उणे अडीच नंबराच्या उघड्या डोळ्यास सुमारें ४० सेंटिमीटरवरील अक्षर स्वच्छ दिसतें, आणि पोथी धरण्याचें अंतरही जवळजवळ तेंच! चष्मा असेल तर तो क्षणभर उतरवून वाचतां येतें. लेन्स घातली कीं ही देणगी झांकली जाते. अमरावतीच्या नेत्रवैद्यांनीं सूनबाईंस लेन्स काढून पुस्तक हातीं घ्यावयास सांगितलें, आणि त्यांनीं तें न अडखळतां वाचलें. ज्या वैगुण्यापायीं मुलीचे डोळे लपवावे लागले, तेंच पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिच्या उपयोगीं पडलें.

परंतु सर्वांचाच नंबर असा सोयीचा नसतो. लेन्स सोडावयाची नसेल तर तीन मार्ग आहेत. पहिला, दूरची लेन्स घालून वाचतेवेळीं वरून चाळिशी लावणें. दुसरा, एका डोळ्यास दूरची व दुसऱ्यास जवळची लेन्स देणें. मेंदू बहुधा हें जुळवून घेतो, पण पायरीचा व अंतराचा अंदाज कांहींसा उणा होतो. तिसरा, एकाच लेन्समध्यें दोन्ही अंतरांची सोय. हींत मंद उजेडांत अक्षर फिकें भासण्याचा संभव असतो. चष्म्यांतही तडजोड आहेच. रेघ असलेल्या दुहेरी भिंगाची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, अठराव्या शतकांतली. रेघ नसलेलें, क्रमानें नंबर बदलणारें भिंग फ्रान्समध्यें १९५९ सालीं विक्रीस आलें. अशा भिंगांच्या खालच्या भागांतून जिना उतरतांना पायरी अस्पष्ट दिसते, म्हणून मान लववून पाहावें.

लेन्सचें खरें मोल मात्र पैशांत नसून शिस्तींत आहे. आपल्या घरांत पूर्वी स्वयंपाकाचें सोंवळें होतें. लेन्सचें सोंवळें त्याहून कडक. हात साबणानें धुवून कोरडे केल्यावांचून तिला शिवूं नये. ती नळाच्या, विहिरीच्या किंवा उकळलेल्या पाण्यानेंही धुवूं नये. तिच्यासाठीं केलेलें द्रावणच वापरावें व तें रोज बदलावें. पाण्यांतील एक सूक्ष्म जीव बुबुळांत शिरला तर दृष्टि जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून ती घालून स्नान करूं नये, नदींत डुबकी मारूं नये. ती घालून निजूं नये. उतारवयांत अश्रु कमी होतात, विशेषतः स्त्रियांस पाळी जाण्याच्या सुमारास डोळे कोरडे पडतात. त्यांत वऱ्हाडांतला वैशाख आणि धूळ! बोटें थरथरूं लागलीं म्हणजे लेन्स घालणें-काढणेंही कठीण होतें. डोळा लाल झाला, दुखूं लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स तत्काळ काढून त्याच दिवशीं नेत्रवैद्यांस दाखवावें.

म्हणून लेन्स सर्वथा त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. नंबर फार मोठा असेल, दोन डोळ्यांच्या नंबरांत पुष्कळ अंतर असेल, किंवा बुबुळाचा आकार बिघडलेला असेल, तर चष्म्यापेक्षां लेन्सनेंच चांगलें दिसतें. अशांनीं ती जरूर वापरावी. मात्र लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरीं चालू नंबराचा चष्मा असावाच.

वृद्धांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पासष्टीच्या सुमारास चाळिशीवांचून पुन्हां वाचतां येऊं लागलें, तर देवाची कृपा म्हणून पेढे वांटूं नयेत. बहुधा तो मोतीबिंदूचा आरंभ असतो. मोतीबिंदु काढल्यावर पूर्वी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा नशिबीं येई. १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरोल्ड रिडले ह्यांनीं डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसविलें, आणि आज तीच रीत सर्वत्र रूढ आहे. कांचबिंदु तर प्रारंभीं कांहींच जाणवूं देत नाहीं. यास्तव चाळिशीनंतर केवळ नंबर काढून न थांबतां डोळ्यांचा दाब व पडदाही तपासून घ्यावा. मधुमेह्यांनीं तर प्रतिवर्षीं.

निवड करतांना आरशास विचारूं नये, आपल्या दिवसास विचारावें. वाचन, शिवण, रात्रीचें चालणें हीं ज्यांचीं मुख्य कामें, त्यांस चष्मा बरा; हात स्थिर, डोळे ओले आणि नेम कडक असेल त्यांस कांहीं तास लेन्स बरी. आणि घरांतल्या वडील मंडळींस एक विनंति : मुलगी दाखवितांना तिचा चष्मा काढून ठेवावयास सांगूं नका. तिच्या घरांतल्या पोथ्या, हिशेब आणि मुलांचे अभ्यास पुढें चाळीस वर्षें ती त्याच डोळ्यांनीं पाहणार आहे.