सहल खाडीवर न्या

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. वर्गात फी सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार मुले गप्प बसलेली दिसतात. सहल म्हणजे बस आणि वॉटर पार्क, असे समीकरणच होऊन बसले आहे. पण पालक बंधू-भगिनींनो, डोलवी-वडखळ भागातल्या बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी उत्तम सहल दाराशीच आहे. ती म्हणजे धरमतरच्या खाडीची.

ज्याला आपण नुसता चिखल म्हणतो, त्यात केवढे जग आहे! निवटी ही मासळी असून ओहोटीला चिखलावर उड्या मारते. अंग ओले असेपर्यंत ती कातडीतूनही श्वास घेते. एका जातीच्या लहान खेकड्यात नराची एक नांगी भलीमोठी असते. ती हलवून तो मादीला बोलावतो. तिवराखाली चिखलातून वर आलेल्या खुंट्या म्हणजे त्या झाडाची श्वास घेणारी मुळे. थंडीत तुतवारासारखे पक्षी हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतात. लांब चोचीचा पक्षी खोलातला किडा काढतो, आखूड चोचीचा वरचा टिपतो. एकाच ताटात जेवतात, पण भांडण नाही.

वेळ ठरवायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी दहाच्या आसपास, ओहोटी. खाडीत आत पाणी थोडे उशिरा पोचते, म्हणून गावातल्या जाणत्याला विचारूनच निघावे. मुलांना बांधावरच उभे करावे. चिखलात पाय रुततो, पाणी चढते. तेव्हा चार-पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवेच.

आणि शिकवायचे कोणी? ज्या आया-मावश्या चिंबोऱ्या धरतात, कालवे काढतात, त्यांनाच बोलवा. चिंबोरी कोणत्या बिळात आहे, हे त्यांना नुसते पाहून कळते. चिखलाचे पाय घेऊन घरी येणाऱ्या आईची लाज वाटणाऱ्या मुलाला त्या दिवशी दिसेल की, आपली आईसुद्धा बाई म्हणून वर्गाला शिकवू शकते.

ठाण्याच्या खाडीतला रोहित पक्ष्यांचा परिसर २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेला. तिवरांची तोड करू नये, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल सर्व महाराष्ट्राला लागू आहे. आपल्या खाडीकाठी पोलादाचा कारखाना आहे, जेट्टी आहे. रोजगार हवाच. पण उद्या कोठे तिवर तुटू लागले, तर ज्याला झाडाचे नावच ठाऊक नाही, तो कायद्याकडे बोट कसे दाखवील?

म्हणून येत्या पालकसभेत ही सूचना जरूर मांडा. पाण्याची बाटली, टोपी आणि घरची भाकरी एवढेच सामान लागेल. फी भरली नाही म्हणून वर्गातले एकही मूल त्या दिवशी घरी राहणार नाही.