चेन खेचण्याआधी

मंडळी, आजचा विषय थोडा माझ्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे जरा सांभाळून घ्या. पण वाचून झाल्यावर तो तुमच्या-माझ्या रोजच्या सवयीचाच निघेल. विषय आहे मेलमधलं 'रिपोर्ट स्पॅम' हे बटण.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे बटण म्हणजे केराची टोपली नव्हे. ती तक्रार आहे. टोपलीत टाकलेला कागद आपल्यापुरता संपतो. तक्रारीचं तसं नसतं, ती कुणाच्या तरी नावावर चढते. आणि ज्यांनी तक्रार केलेलीच नाही, अशांनाही तिचे परिणाम भोगावे लागतात.

लोकलने जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. कळवा-मुंब्र्याच्या मध्ये कुणीतरी चेन खेचतो, कारण त्याचा मित्र मागे राहिला. थांबते त्याची गाडी, पण मागच्या गाड्याही रखडतात आणि त्यातल्या माणसांना कारणसुद्धा कळत नाही. रेल्वेने निदान यासाठी कायदा केलाय. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमात विनाकारण चेन खेचणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मेलमधल्या चेनला मात्र दंडही नाही आणि वर पाटीही नाही.

मी कोलशेतला राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या काही छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो. सांभाळणं म्हणजे काय, तर मेल पोचला की माझी कुणाला आठवण नसते आणि नाही पोचला की पहिला फोन मला. घरी आजही 'हा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो' इतकीच माझी ख्याती आहे. असो.

तर बटण दाबल्यावर होतं काय? मेल तुमच्या स्पॅमच्या फोल्डरमध्ये जातो, इतकं आपल्याला दिसतं. न दिसणारा भाग असा की तुमची मेल कंपनी नोंद करते. हा मेल कुठल्या डोमेनवरून आला, कुठल्या सर्व्हरवरून आला, त्यावर कुणाची सही होती. अशा नोंदी साठल्या की त्या पाठवणाऱ्याची पत घसरते आणि त्याचे पुढचे मेल बाकीच्यांच्याही स्पॅममध्ये जायला लागतात.

घसरायला किती तक्रारी लागतात? गूगल आणि याहू या दोघांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. गूगलच्या हिशेबाने जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणारा तो मोठा पाठवणारा. त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी तीन प्रकारची ओळखपत्रं सक्तीची झाली, आणि जाहिरातींच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागली. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, आणि शक्यतो ०.१ च्याही खाली, असंही सांगितलं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन!

आता आमच्या कोलशेत रोडकडे बघा. जिथे कारखान्यांच्या चिमण्या होत्या तिथे आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत. एकेका सोसायटीत शेकड्यांनी फ्लॅट. बिलं, पावत्या, सभेच्या नोटिसा मेलने जातात. समजा ३०० जणांना सभेची नोटीस गेली आणि मेंटेनन्स वाढवल्याच्या रागात एकाने स्पॅमचं बटण दाबलं. एकच तक्रार, पण प्रमाण झालं ०.३३ टक्के. लहान पाठवणाऱ्यांना मोठ्यांचे सगळे नियम लागत नाहीत, पण तक्रारी त्यांच्याही मोजल्या जातात. त्या गृहस्थांना सेक्रेटरीला टोला हाणायचा असतो. तो बसतो चौथ्या मजल्यावरच्या अशा आजींना, ज्यांना पाण्याची टाकी कधी धुणार हे मेलवरूनच कळतं.

आणि बिचारी सोसायटी काही स्वतःचा सर्व्हर बाळगत नाही. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर भाड्याचं असतं आणि त्याच सर्व्हरवरून आणखी कितीतरी सोसायट्यांचे मेल जातात. म्हणजे तक्रार कोलशेतमध्ये झाली तरी मेल डोंबिवलीतला अडकू शकतो.

माझ्याकडच्या एका पॅथॉलॉजी लॅबची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. लॅब पेशंटना रिपोर्ट मेलने पाठवायची. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली आणि त्याच पत्त्यावरून 'फुल बॉडी चेकअप, खास सवलत' असे मेल सुरू झाले. मला पत्ता नाही. लोक कंटाळले, बटण दाबत गेले. महिन्याभरात रिपोर्टसुद्धा स्पॅममध्ये जाऊ लागले. एका आजोबांचा थायरॉइडचा रिपोर्ट असाच स्पॅममध्ये पडून राहिला, डॉक्टरांची वेळ हुकली, पुढची मिळाली आठ दिवसांनी. आजोबा लॅबवर चिडले, लॅब माझ्यावर.

यात पहिली चूक लॅबची, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सवलतीचे मेल वेगळ्या पत्त्यावर आणि वेगळ्या सब-डोमेनवर नेले, ज्यांनी मागितले नव्हते त्यांची नावं काढली. तरी पत सुधारायला काही आठवडे गेले. तेवढ्या काळात लॅबची मुलगी रोज पेशंटना फोन करत होती, 'काका, स्पॅममध्ये बघा ना जरा.'

पण तक्रार कुणी केली ते शोधून नावं काढता येत नाहीत का? इथेच आमची गोची आहे. याहू आणि मायक्रोसॉफ्टकडे सर्व्हरवाल्याने नोंदणी केली तर तक्रार आलेल्या मेलची माहिती परत मिळण्याची सोय आहे. जीमेल एकेका माणसाची तक्रार कळवत नाही, फक्त एकूण प्रमाण दाखवतं, तेही मेल पुरेशा संख्येने जात असतील तर. नाव कळू नये हे एका परीने बरोबरच आहे. खऱ्या भामट्याला तक्रार करणाऱ्याचं नाव कळलं तर पंचाईत. पण प्रामाणिक माणसालाही आपलं काय चुकलं ते कळत नाही. तक्रारीला शब्दच नसतात. 'मी पत्ता दिलाच नव्हता', 'आता कंटाळा आला' आणि 'बोट चुकून लागलं' या तिन्हींची खूण एकच.

फोनच्या बाबतीत आपल्याकडे थोडी वेगळी रीत आहे. नको असलेल्या कॉलची तक्रार १९०९ वर करता येते, तिला क्रमांक मिळतो, कंपनीला ती तपासावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम आणखी कडक केले, दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कारवाई. तक्रार काय आहे हे तिथे निदान सांगावं तरी लागतं.

सर्वांत विनोदी प्रकार फॉरवर्डिंगचा. एखाद्याचा जुन्या कंपनीतला पत्ता असतो, त्यावर येणारं सगळं त्याने जीमेलकडे वळवलेलं असतं. त्या जुन्या पत्त्यावर लॉटरीवाले, कर्जवाले सगळे येतात. तो इमानदारीत प्रत्येकावर स्पॅमचं बटण दाबतो. आता जीमेलच्या दारात तो मेल आणून कुणी दिला? आमच्या सर्व्हरने. मग पोस्टमनच चोर ठरतो!

आता दुसरी बाजू. लोक 'अनसबस्क्राइब' न दाबता स्पॅम का दाबतात? कारण वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना सांगत आलो, की अनोळखी मेलमधल्या त्या लिंकवर टिचकी मारू नका, तुमचा पत्ता चालू असल्याचं भामट्याला कळेल. तो सल्ला खोटा नव्हता. शिवाय कित्येक कंपन्या ती लिंक तळाशी, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात लपवतात आणि टिचकी मारल्यावर पासवर्ड मागतात. अशांच्या नावाने बटण दाबलंत तर मला काडीचं दुःख नाही. १९७८ च्या मे महिन्यात एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना न मागता जाहिरात पाठवली, तेव्हापासून ही जमात आहे आणि तिला आवरायला हे बटण लागतंच.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. मेल वाचून झाला किंवा नकोसा वाटला, तर डिलीट. आपणच कधीतरी पत्ता दिला होता आणि आता मेल नको, तर अनसबस्क्राइब. हल्ली जीमेल वगैरे ते बटण बऱ्याच मेलांमध्ये वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच देतात. आणि न मागता आलेला, फसवणारा किंवा नाही म्हटल्यावरही येतच राहणारा असेल, तर बेलाशक स्पॅम. सेक्रेटरीवरचा राग सभेत काढावा, त्यासाठीच ती असते.

आणि एक विनंती, विशेषतः हे वाचणाऱ्या काका-मावश्यांना. पंधरा दिवसांतून एकदा स्पॅमच्या फोल्डरमध्ये डोकावा. ओळखीचा, खरा मेल तिथे दिसला तर नुसता वाचून सोडू नका, 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. त्याचीही नोंद होते, आणि ती पाठवणाऱ्याच्या बाजूने जाते. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार.