दलालाच्या लेखणीतला माणूस : गिरमिटाच्या नोंदींपासून आजच्या बायोडाटापर्यंत

१/२०
नोकरी शोधणारा आपला बायोडाटा एजंटाच्या स्वाधीन करतो. मालकाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्यातला दोन वर्षांचा अनुभव कधी पाच वर्षांचा झालेला असतो, कधी न शिकलेले काम कौशल्यांच्या यादीत शिरलेले असते आणि उमेदवाराचा फोन नंबर जाऊन तिथे एजन्सीचे नाव आलेले असते. ही लबाडी संगणकाच्या युगात जन्मली, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. तिचे एक फार मोठे, सरकारी शिक्क्यांचे दप्तर एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्ता बंदरात तयार झाले. हा धागा त्या दप्तराविषयी आहे.

२/२०
ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. उसाच्या मळ्यांना मात्र माणसे हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. त्यांच्या हाती करार होता. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेला माणूस ‘गिरमिटिया’ ठरला.

३/२०
फसवणुकीच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. १८३९ मध्ये सरकारने ही निर्यात थांबवली. कलकत्त्याच्या चौकशी समितीपुढे खोट्या आश्वासनांचे आणि पळवून नेण्याचे प्रकार उघड झाले. तरीही १८४२ मध्ये मॉरिशसचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. पुढे त्रिनिदाद व जमैका, १८६० मध्ये नाताळ, १८७३ मध्ये सुरिनाम आणि १८७९ मध्ये फिजी या वसाहती यादीत आल्या. १९१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक माणसे या वाटेने समुद्रापार गेली.

४/२०
एवढी माणसे गोळा करणारी यंत्रणा पायऱ्यापायऱ्यांची होती. वर वसाहतीचा एमिग्रेशन एजंट, त्याच्याखाली जिल्ह्यांतले उपएजंट, त्यांच्याखाली परवानाधारक भरती करणारे आणि सर्वांत खाली बाजार, धर्मशाळा, तीर्थक्षेत्रे व रेल्वे स्थानके पालथी घालणारे बिनपरवाना ‘अरकाटी’. मोबदला ठरलेल्या पगाराने मिळत नसे. तो डोईमागे मिळे. माणूस नाकारला गेला की दलालाचे श्रम आणि खर्च वाया. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका अटीत आहे.

५/२०
मळेवाल्याची मागणी स्पष्ट होती. तरुण, धडधाकट, शेतकामाची सवय असलेला माणूस हवा. तळहातावर घट्टे आहेत का, हे पाहिले जाई. ब्राह्मण, बनिया, कायस्थ असे लोक कष्टाच्या कामाचे नव्हेत, शिवाय इतरांना चिथावतील, असा मळेवाल्यांचा ग्रह होता. त्याचबरोबर दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याचे सरकारी बंधन होते. म्हणजे ‘पाहिजेत’ची जाहिरात आधीच पक्की होती, तीत बसणारी माणसे मात्र तेवढ्या प्रमाणात समोर येत नव्हती.

६/२०
आता तो कागद पाहू जाता त्यात काय दिसते? ‘एमिग्रेशन पास’वर नाव, बापाचे नाव, वय, लिंग, जात, जिल्हा, ठाणे, गाव, जवळचा नातलग, विवाह झाला असल्यास कोणाशी, उंची आणि अंगावरच्या खुणा अशा जागा होत्या. खाली डेपोचा डॉक्टर, संरक्षक अधिकारी आणि वसाहतीचा एजंट यांच्या सह्या. आजच्या बायोडाटाचा हा पूर्वज म्हणता येईल. फरक एवढाच की तो इंग्रजीत भरला जाई आणि ज्याच्याविषयी तो होता, त्या बहुतेकांना तो वाचता येत नसे.

७/२०
मागणी आणि माणूस यांतले अंतर दलाल लेखणीने भरून काढी. नको असलेल्या जातीचा उमेदवार चालणाऱ्या जातीत बसवला जाई. ब्राह्मणाला जानवे उतरवायला आणि दुसरी जात सांगायला शिकवले जाई. कधीही नांगर न धरलेला कारागीर शेतकरी होई. वय सोयीने कमीजास्त होई. प्रत्येक बदल लहान, प्रत्येक बदल ‘तुझ्याच भल्यासाठी’. त्यांची बेरीज मात्र एका वेगळ्याच माणसात होत असे.

८/२०
स्त्रियांच्या बाबतीत ही लेखणी अधिक खोल गेली. ४० चा आकडा भरल्याशिवाय जहाज सुटणे कठीण, म्हणून स्त्रीमागे दलाली अधिक. विधवा, घर सोडून निघालेल्या, यात्रेत चुकलेल्या बायका हेरल्या जात. डेपोत काही दिवसांपूर्वी एकमेकांना न पाहिलेली माणसे नवरा-बायको म्हणून नोंदली जात. या ‘डेपो विवाहां’पैकी काही पुढे आयुष्यभर टिकले, हेही खरे. पण नात्याची ती जागा भरताना घाई जहाजाची होती.

९/२०
दलालाने एकच अर्ज बदलला असे नाही. तो दोन बदलत होता. मळेवाल्यापुढे मजुराचे खोटे चित्र आणि मजुरापुढे मळ्याचे खोटे चित्र. सुरिनामचा ‘श्रीराम देश’ झाला. त्रिनिदादचे ‘चिनीदाद’, म्हणजे साखरेचा देश. फिजी तर कलकत्त्याच्या पलीकडेच कुठेतरी असल्याचे सांगितले जाई. दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखत होते ते फक्त मधल्या माणसाच्या शब्दांवरून. त्या मधल्या माणसाचे सामर्थ्य या अज्ञानातच साठलेले होते.

१०/२०
मग सरकारी तपासणी कुठे होती? ती होती. जहाजावर चढण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटसमोर प्रत्येकाने स्वखुशीने जात असल्याचे सांगावे लागे. फिरोझाबादजवळच्या हिरनगावचे तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये प्रयागला अरकाट्याच्या हाती सापडले. फिजीतील एकवीस वर्षांवरचे त्यांचे हिंदी पुस्तक १९१४ मध्ये आले. साहेब काहीही विचारो, उत्तर ‘हो’ असेच द्यायचे, हा धडा आधीच गिरवून घेतला जात असल्याचे त्यात आहे. १६५ जणांची नोंदणी सुमारे २० मिनिटांत उरकल्याचेही ते सांगतात. एका माणसाच्या वाट्याला आठ सेकंदही आले नाहीत.

११/२०
या आठ सेकंदांत खोटेपणा उघडकीस येणार कसा? मॅजिस्ट्रेट उपएजंटाच्या यादीवर विसंबला. डेपोचा डॉक्टर शरीर पाहत होता, माणसाची हकीकत नव्हे. संरक्षक अधिकारी आधीच्या सह्या पाहून आपली सही करत होता. प्रत्येक शिक्क्याने आधीच्या शिक्क्यावर विश्वास टाकला आणि साऱ्या विश्वासाचा पाया अरकाट्याच्या सांगण्यावर उभा राहिला. कागद जितका पुढे सरकला तितका अधिक खरा दिसू लागला.

१२/२०
त्या खोटेपणाची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासातला खरा प्रश्न. फिजीच्या करारात पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स मजुरी होती. पण ती नेमून दिलेले काम पुरे केले तरच. नेमलेले काम न करणे हा फौजदारी गुन्हा होता; दंड होई, तुरुंगही होई. ज्याच्या हाती आयुष्यात कुदळ आली नव्हती, त्याला शेतकरी म्हणून लिहिले गेले होते आणि पाच वर्षे त्या लिहिण्याला जागणे त्याला भाग होते. लिहिणारा मात्र दलाली घेऊन पुढच्या स्थानकावर गेला होता.

१३/२०
येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ह्यू टिंकर यांनी १९७४ च्या ग्रंथात या पद्धतीला गुलामगिरीचाच नवा अवतार ठरवले. पुढे फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल, जे स्वतः गिरमिटियाचे नातू, यांनी उत्तर भारतातून गेलेल्यांचे ४५,४३९ पास संगणकावर तपासले. त्यांच्या मते सारेच भोळे आणि फसलेले नव्हते. अनेक जण कामासाठी आधीच घराबाहेर पडलेले होते आणि जाणारा समाज खेड्यातल्या साऱ्या थरांचा होता.

१४/२०
याहून अवघड मुद्दा आहे. काहींना नोंदीतला बदल हवाच होता. जातीचा जाच, सावकार, सासर किंवा पोलीस यांच्यापासून पळणाऱ्याला नवे नाव म्हणजे नवा जन्म. दलालाने खोटे लिहिले म्हणून कुणाची वाट मोकळीही झाली असेल. आजचा उमेदवारही म्हणतो, ‘एजंटाने चार ओळी वाढवल्या म्हणून तर मुलाखतीचे बोलावणे आले.’ हा युक्तिवाद हसून टाळण्यासारखा नाही.

१५/२०
पण त्याचे उत्तरही त्याच दप्तरात आहे. आपले नाव स्वतः बदलणारा माणूस धोका ओळखून पत्करतो. ज्याचे नाव दुसऱ्याने बदलले, त्याला धोका सोसावा लागतो आणि तो कुठून आला हेही कळत नाही. म्हणून बदल लाभाचा की तोट्याचा, एवढेच पाहून भागत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात : ज्याचा कागद, त्याला बदल माहीत होता का, त्याला तो वाचता आला का, आणि नको असल्यास खोडता आला का. गिरमिटाच्या कागदावर तिन्हींचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे होते.

१६/२०
महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. मुंबई बंदरातूनही मॉरिशसला मजूर गेले. त्यांत रत्नागिरी भागातले बरेच होते. मॉरिशसचा मराठी समाज त्यांच्या वंशजांचा. तिथे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जपली आहेत. पणजोबांचे गाव शोधणारा पणतू तिथे येतो, तेव्हा त्याच्या हाती लागते ते कारकुनाच्या कानाला ऐकू आलेले नाव आणि कुणीतरी सांगितलेली जात. माणसे गेली, लेखणीने उमटवलेले तेवढे उरले.

१७/२०
या व्यवस्थेवर कायदेमंडळात घाव घालणारे गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात करारबद्ध मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. अडाणी, निराधार माणसांना डोईमागे पैसे घेणारे धूर्त दलाल जाळ्यात ओढतात, हा त्यांच्या मांडणीचा एक कणा होता. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. मात्र दोष एखाद्या वाईट अरकाट्याचा नसून संपूर्ण पद्धतीचा आहे, हे त्या दिवशी नोंदले गेले.

१८/२०
१९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी हा विषय पुन्हा आणला, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करारही रद्द झाले. गिरमिट संपले, पण ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद संपले नाही. १९२२ च्या आणि पुढे १९८३ च्या कायद्याने ते चालत आले. परदेशी कामगार पाठवणाऱ्या एजंटांवर आजही याच नावाच्या कार्यालयाची देखरेख आहे आणि मुंबईतही ते आहे. नाव टिकले, कारण ज्याच्यापासून रक्षण करायचे तो व्यवहारही टिकला.

१९/२०
आजचा उमेदवार गिरमिटिया नाही. भारतात काम सोडले म्हणून त्याला तुरुंग होत नाही. ही तुलना ताणता कामा नये. मात्र साचा ओळखीचा आहे. एजंटाचे उत्पन्न माणूस ‘लागण्या’वर अवलंबून, उमेदवाराला पाठवलेली अंतिम प्रत दिसत नाही आणि खोटे उघडे पडते तेव्हा समोर उभा राहतो तो उमेदवार. कर्ज काढून आखातात गेलेल्या गवंड्याला कागदावर इलेक्ट्रिशियन केले असेल, तर पहिल्याच दिवशी अब्रू, नोकरी आणि परतीचे तिकीट या तिन्हींचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

२०/२०
यावरचा उपाय आणखी एक शिक्का हा नव्हे. शिक्के तेव्हाही भरपूर होते. मालकाकडे जाणारी प्रत उमेदवाराच्या हाती आधी पडावी, त्याच्या संमतीविना एक ओळही बदलू नये आणि बदल करणाऱ्याचे नाव त्या बदलाशेजारी राहावे, एवढी साधी मागणी आहे. अरकाट्याच्या काळात ती अशक्य वाटली असती. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना ती अशक्य नाही. ती न होण्यात कुणाचा तरी फायदा आहे. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने अभिलेखागारातला जुना पास उघडताना जो प्रश्न विचारायचा, तोच नोकरीच्या उमेदवाराने आपल्या बायोडाटाविषयी विचारावा : हे माझ्याविषयी आहे खरे, पण लिहिले कोणी?