प्राणहितेचा अपुरा जलमार्ग

आलापल्लीच्या पश्चिमेस वाहणाऱ्या प्राणहितेत देवलमरीजवळ खडकांचा अडसर आहे. वऱ्हाडचा कापूस नावांनी समुद्राकडे नेण्यासाठी इंग्रज सरकारने गोदावरीच्या वाटेवर कालवे व लॉक, म्हणजे नावा चढविणारी दुहेरी दरवाज्यांची कुंडे, बांधावयास घेतली. दुम्मागुडेमचा बंधारा उभा राहिला. परंतु १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७१ साली देवलमरीचा मार्ग खुला होण्यापूर्वीच काम थांबले. व्यापाराला दुसरी वाट मिळताच नदी विसरली गेली. धानाच्या बांधीला दुसरी वाट नसते. म्हणून तलाव वा बंधारा आखताना ग्रामसेवकाने व शेतकऱ्यांनी प्रथम ठरवावे : पाणी कोणाच्या बांधीत जाणार आणि गाळ कोण काढणार? शेताशी जोडलेल्या कामाचीच गाव निगा राखील.