जादू थोडी, मैत्री फार

दिवाळीत मुलांना कपडे घेताना आपण कापड चोळून पाहतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला दहादा विचारतो. पुस्तक घेताना मात्र मुखपृष्ठ पाहिलं, किंमत पाहिली, की झालं! म्हणून आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जादूच्या नि मैत्रीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या निवडण्याची माझी कसोटी आज वाचकांपुढे ठेवते.

कसोटी सोपी आहे. मित्रांचं बिनसतं ते पान काढावं आणि पुढे काय होतं ते पाहावं. छडी फिरवली नि समेट झाला, तर पुस्तक खुशाल खाली ठेवावं.

जिल मर्फी या इंग्रज लेखिकेचं 'द वर्स्ट विच' (१९७४) घ्या. मिल्ड्रेड ही चेटकिणींच्या शाळेतली धांदरट मुलगी. साऱ्या वर्गाला काळी मांजरं मिळतात, हिच्या वाट्याला येतं पट्ट्यापट्ट्यांचं! रागाच्या भरात ती एथेलला डुक्कर बनवते आणि वैर ओढवून घेते. जादूने भांडण चिघळतं. पाठीशी उभी राहते ती जिवलग मैत्रीण मॉड. मुलं पोट धरून हसतात, आणि हसता हसता हेही उमजतं.

जपानी लेखिका एइको कादोनो यांची 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८५) जरा शांत आहे. तेरा वर्षांची किकी काळ्या मांजराला घेऊन परक्या गावी राहायला जाते. उडता येणं एवढीच तिची जादू. पण उडता आलं म्हणून माणसं आपली होत नाहीत. घरोघर सामान पोचवता पोचवता ती जोडावी लागतात.

वडिलांची बदली झाल्याने आमच्या शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीची मैत्रीण दूर गेली. पोर गप्पगप्प झाली. "काकू, हिला हसवेल असं काही द्या," आई म्हणाली. मी किकी दिली. परत देताना मुलीने विचारलं, "एकटं वाटतंच, तर उडता येऊन काय उपयोग?" त्या प्रश्नावरून आमचं बोलणं निघालं, आणि कित्येक दिवसांनी तिने मैत्रिणीचं नाव घेतलं. हलकंफुलकं म्हणजे पोकळ नव्हे, ते असं.

दोन्ही पुस्तकं इंग्रजीत मिळतात. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल, तर रोज रात्री एकेक प्रकरण आईने किंवा आजोबांनी मराठीतून सांगावं. फराळ चार दिवसांत संपतो. ही गोष्ट त्यानंतरही पुरेल!